'पॅनेल गेलं' म्हणण्याआधी

आत्याचा फोन आला तो टीव्हीच्या तक्रारीसाठी, पण काळजी मालिकेची होती. "अरे, सगळ्यांची तोंडं हिरवी-जांभळी दिसतात. नवरी मुलगी तर भूत लागल्यासारखी. आवाज मात्र स्वच्छ आहे. आठ दिवस रेडिओसारखी ऐकत्ये मालिका."

रत्नागिरीत मांडवीच्या समुद्रापासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर. टीव्ही चाळीस इंची, फुल एचडी, वय दहा वर्षं. गावातला एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. त्याने टीव्ही लावला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मागच्या झाकणाचा एक स्क्रूही न काढता निकाल दिला, "पॅनेल गेलंय काकू. पॅनेलच्या पैशांत नवा टीव्ही येईल." बघणावळ तीनशे रुपये.

पॅनेल जातंही, पुष्कळदा जातं. टीव्हीतला तो सर्वांत महागडा भाग, आणि तो गेला की दुरुस्तीला अर्थ उरत नाही हेही खरं. पण 'पॅनेल गेलं' हे वाक्य अलीकडे 'व्हायरल आहे' या वाक्यासारखं झालंय. काहीही झालं तरी लागू पडतं आणि पुढचे प्रश्न बंद करतं. मी आत्याला म्हटलं, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन मोबाइलने एक फोटो काढ आणि पाठव. फोटो आला. बोटांनी तो मोठा केला तर चेहऱ्यावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा होत्या. एक रेघ बरोबर रंगाची, शेजारची बिघडलेली, पुढची पुन्हा बरोबर. साडीच्या विणीसारखं हे सगळ्या पडद्यावर सारखं पसरलेलं.

तिथेच मला पॅनेलचा संशय सोडावासा वाटला. काच आजारी पडते तेव्हा एका ठिकाणी पडते. एखादी रेघ, एखादा काळा पट्टा, एखादा कोपरा. सगळा पडदा इतक्या शिस्तीत एकाआड एक बिघडत असेल, तर बिघाड पडद्याच्या आधी कुठेतरी आहे.

टीव्हीचं मागचं झाकण काढलं की दृश्य निराश करणारं असतं. एवढ्या मोठ्या पेटीत तीन हिरव्या पट्ट्या आणि बाकी पत्रा. एक पॉवर सप्लाय. दुसरा मुख्य बोर्ड, ज्याला दुकानात सगळे मदरबोर्ड म्हणतात. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर याच बोर्डात जाते, आवाज इथूनच निघतो, रिमोटचं हाच ऐकतो. तिसरा, पडद्याच्या काठाशी, पत्र्याच्या झाकणाखाली दडलेला टी-कॉन. पूर्ण नाव टायमिंग कंट्रोलर. मदरबोर्ड म्हणजे भटारखाना धरला तर टी-कॉन हा पंगतीचा मुख्य वाढपी. पडद्यावर १,०८० ओळी, प्रत्येक ओळीत १,९२० ठिपके, आणि सेकंदाला साठ वेळा पंगत उठून नवी बसते. कुठल्या ओळीत, कुठल्या पानावर, कुठल्या क्षणी काय वाढायचं हे टी-कॉन ठरवतो. भटारखान्यातून पंगतीपर्यंत सगळं अन्न ज्या एका वाटेने येतं, ती वाट म्हणजे एक केबल. कधी ती चपटी रिबन असते, कधी केसासारख्या बारीक वायरींची जुडी. मेकॅनिक तिला एलव्हीडीएस म्हणतात, किंवा नुसतं 'पट्टी'.

या पट्टीवरून किती माल जातो याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. ठिपके वीस लाखांहून जास्त. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, प्रत्येक रंगाला आठ बिट, म्हणजे ठिपक्यामागे चोवीस. सेकंदाला साठ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट होतात. ही वाहतूक एका वायरीला झेपत नाही म्हणून ती वाटलेली असते. बऱ्याच फुल एचडी पॅनेलांत विषम क्रमांकाचे ठिपके वायरींच्या एका संचातून जातात आणि सम क्रमांकाचे दुसऱ्यातून. आत्याच्या फोटोतली एकाआड एक रेघ इथून आली होती. एक संच धड होता, दुसऱ्यात काहीतरी तुटलं होतं.

प्रत्येक संचात बिटांसाठी वायरींच्या चार जोड्या असतात आणि ठेका धरण्यासाठी पाचवी. जोड्या का, हा यातला सुंदर भाग आहे. साध्या वायरीत व्होल्टेज वर गेलं की एक आणि खाली आलं की शून्य, असं वाचता येतं. पण शेजारी पॉवर सप्लाय गुणगुणत असतो, बाहेर मिक्सर चालू असतो, आणि वायरीवर त्यांची धूळ बसते. एलव्हीडीएसमध्ये प्रत्येक बिट दोन वायरींवरून उलटसुलट पाठवतात. एक वर गेली की दुसरी खाली. घेणारा फक्त दोघींतला फरक बघतो. वाण्याच्या तराजूसारखं. तराजू धरलेला हात वरखाली झाला तरी दोन्ही पारडी सारखीच हलतात आणि कोणतं पारडं जड हे बदलत नाही. बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा बसतो आणि वजाबाकीत उडून जातो.

ही पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीने १९९४ मध्ये आणली आणि ती आधी रुजली लॅपटॉपमध्ये. तिथे अडचण बिजागरीची होती. पडद्याकडे जाणाऱ्या वायरींचा जाडजूड गठ्ठा त्या चिंचोळ्या बिजागरीतून न्यायचा आणि तोही रोज उघडमीट सोसेल असा. जोड्यांमुळे वायरी कमी झाल्या आणि रेडिओला होणारा उपद्रवही घटला. पुढे भिंतीवरच्या टीव्हीने तीच पद्धत उचलली.

गोंगाट असा उडून जात असल्यामुळे व्होल्टेजही अगदी कमी ठेवता येतं. वायरींच्या जोडीतून साडेतीन मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि टोकाला शंभर ओहमचा रोध असतो. शाळेतला ओहमचा नियम लावा, उत्तर येतं ३५० मिलिव्होल्ट. घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या पावभागाहूनही कमी. प्रत्येक जोडीवर सेकंदाला सुमारे बावन्न कोटी बिट धावतात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला दोन नॅनोसेकंदसुद्धा येत नाहीत. एवढ्या वेळात तांब्यातला संदेश पस्तीस-चाळीस सेंटिमीटर जातो. केबलची लांबी साधारण तेवढीच. एक बिट टी-कॉनपाशी पोचतो न पोचतो तोच दुसरा मदरबोर्डावरून निघतो.

जे इतकं नाजूक, ते बिघडतं कुठे? वायरीच्या मध्यभागी क्वचित. बिघडतं ते टोकाला, जिथे ती कनेक्टरमध्ये बसते.

आमच्या पिढीला टीव्ही दुरुस्तीचा एकच प्रकार येत होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्यानंतरची वीसेक वर्षं घरोघरच्या लाकडी पेटीने डाव्या अंगाला किती चापट्या खाल्ल्या असतील याची गणती नाही. चापट बसायची आणि चित्र यायचं! त्यात जादू नव्हती. चॅनेल फिरवायच्या त्या 'टक-टक' ट्यूनरमधल्या स्पर्शपट्ट्यांवर काळा थर चढायचा, नाहीतर कुठलातरी झाळकामाचा सांधा सुटून नुसता टेकलेला असायचा. धक्क्याने तो क्षणभर नीट टेके. आजच्या पातळ टीव्हीत पेटी गेली, पिक्चर ट्यूब गेली, ट्यूनर नखाएवढा झाला, पण सांधे राहिलेच. आत्याचे गुडघे आणि आत्याचा टीव्ही यांचं दुखणं म्हटलं तर एकच आहे.

फुल एचडीच्या नेहमीच्या कनेक्टरला एक्कावन्न पिना, अर्ध्या मिलिमीटरवर एक. रोज संध्याकाळी टीव्ही तापतो, रात्री निवतो. धातू, प्लास्टिक आणि बोर्ड यांचं प्रसरण वेगवेगळं असतं, त्यामुळे पिनेचं टोक केबलच्या स्पर्शपट्टीवर रोज अगदी किंचित घासतं. कथिलाचा मुलामा झिजतो, उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो. मेकॅनिकच्या भाषेत 'कार्बन आला'. कार्बनचा त्यात संबंध नसतो, पण शब्द इतका रुळलाय की आपण दुरुस्त करू नये. कोकणात याला खारं वारं मदत करतं आणि पावसाचे चार महिने तर सगळंच घाम फुटल्यासारखं ओलं असतं. पंख्याच्या बटणातही असा थर येतो, पण तिथले २३० व्होल्ट तो सहज भेदतात. ३५० मिलिव्होल्टांच्या अंगात ती ताकद नाही. थर त्यांना भिंत वाटतो.

आता चेहरे हिरवे-जांभळेच का झाले, ते सांगतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

प्रत्येक रंगाची तीव्रता ० ते २५५ मधली एक संख्या असते आणि ती आठ बिटांत लिहितात. सगळ्या बिटांचं वजन सारखं नसतं. सर्वांत वजनदार बिट १२८ चा, पुढचा ६४ चा, असं करत शेवटचा १ चा. हे बिट जोड्यांमध्ये वाटण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. 'वेसा' नावाच्या पद्धतीत तिन्ही रंगांचे पहिले दोन वजनदार बिट एकाच जोडीत, चौथ्या जोडीत टाकतात. त्या एका जोडीचा एक सांधा निसटला की १२८ आणि ६४ हे दोन्ही बिट हरवतात. समजा ते शून्य म्हणून वाचले गेले. उजेडातल्या कपाळाचा रंग लाल २१०, हिरवा १६०, निळा १३० असेल, तर पडद्यावर पोचतात १८, ३२ आणि २. तो झाला गडद हिरवा. जरा सावलीतल्या गालाचे १८०, १३०, ११०. उरतात ५२, २ आणि ४६. तो जांभळा. आत्या 'हिरवी-जांभळी' म्हणाली होती. तिने नेमकं निदान सांगितलं होतं, ऐकणाऱ्याला कळलं नाही इतकंच.

हीच कसरत दुसऱ्या जोड्यांवर करा आणि लक्षणं बदलतात. लाल रंगाचे हलके बिट ज्या जोडीतून जातात ती बिघडली की लाल रंग खरबरीत होतो. 'आता चित्राचा भाग सुरू झाला' ही खूण ज्या जोडीवर आहे ती गेली किंवा ठेक्याची पाचवी जोडी गेली, तर चित्रच येत नाही, मागचा उजेड लागलेला आणि आवाज चालू. दुसऱ्या वाटप-पद्धतीत मात्र चौथ्या जोडीत सगळे हलके बिट असतात, त्यामुळे ती तुटली तरी महिनोन्‌महिने घरात कुणाच्या लक्षात येणार नाही. एक सावधगिरी इथे सांगायला हवी. कुणी नुकताच मदरबोर्ड बदलून दिला असेल आणि त्यानंतर चेहरे असे झाले असतील, तर केबलला हात लावू नका. बोर्ड एका पद्धतीने वाढतोय आणि पॅनेल दुसऱ्या पद्धतीने जेवतंय, एवढाच घोळ असू शकतो. तो सर्व्हिस मेनूत एक पर्याय बदलून सुटतो.

मग पॅनेल खरंच गेलंय हे कशावरून ओळखायचं? कायम एकाच जागी असलेली एखादी रंगीत उभी रेघ, तळहाताएवढा उभा काळा पट्टा, खालून वर चढत गेलेले डाग, हे सहसा काचेचे किंवा काचेच्या काठाचे आजार. पडद्याच्या काठाला फिल्मवर बसवलेल्या चिप चिकटवलेल्या असतात आणि तो डिंकही खास असतो, फक्त दाबलेल्या दिशेनेच वीज नेणारा. ते चिकटकाम उष्णता आणि दाब देणाऱ्या यंत्रावर होतं, घरी नाही. पुष्कळ टीव्हींमध्ये या चिप खालच्या काठाला असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत आपण पडद्यावर फवारलेलं निळं पाणी ओघळून बरोबर तिथेच जाऊन बसतं. फडका ओला करून, घट्ट पिळून मग पुसावं. पडद्यावर फवारू नये. अर्धाच पडदा बिघडला असेल तर टी-कॉनपासून पॅनेलकडे जाणाऱ्या दोन रिबनींपैकी एकीवर संशय घ्यावा. आणि पडदा पूर्ण काळा, आवाज चालू, पण अंधारात टॉर्च तिरका मारला की पुसट चित्र दिसतं, असं असेल तर बिचाऱ्या केबलचा काही दोष नाही. मागची एलईडी पट्टी गेली आहे.

या सगळ्याच्या आधीची परीक्षा अगदी सोपी. रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडायचा. तो मेनू मदरबोर्डच रंगवतो. मेनू स्वच्छ आणि मागची मालिका मात्र बिघडलेली, तर दोष सेट-टॉप बॉक्स किंवा एचडीएमआय वायरीत आहे, टीव्ही उघडायचं कारणच नाही. मेनूही तसाच रंगीबेरंगी दिसला तर दोष टीव्हीच्या पोटात. आत्याच्या मेनूतली पांढरी अक्षरं राखाडी दिसत होती.

गणपतीला गेलो तेव्हा टीव्ही उघडला. प्लग काढून पंधरा मिनिटं थांबलो, आणि हे थांबणं उगाच नाही. आपल्या २३० व्होल्टांच्या विजेचे पॉवर सप्लायमध्ये एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्ट होतात, मोठ्या टीव्हीत चारशेच्या जवळ. ते एका जाड कपॅसिटरमध्ये साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. थांबल्यानंतरही पॉवर सप्लायच्या बाजूला बोट न्यायचं नाही. आपलं काम तिथे नसतंच. वॉरंटी चालू असेल तर हे काहीच करू नका, बिल काढा आणि कंपनीला फोन लावा.

पलंगावर गोधडी घालून टीव्ही पालथा निजवला. दोघांनी दोन बाजूंनी उचलून, काठ दाबू न देता. पातळ काच मधोमध दाबली तरी जाते. स्क्रू लहानमोठे असतात, लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर आतून काहीतरी भोसकतो, म्हणून आत्याच्या तीन वाट्या मागून घेतल्या. झाकण निघालं तेव्हा आत एका वाळलेल्या पालीचा सांगाडा आणि झुरळांची वस्ती सापडली. आत्या म्हणाली, "आणि तो मेला पॅनेल गेलं म्हणत होता!" पालीचा या बिघाडाशी संबंध नव्हता, पण पॉवर सप्लायवर पाल आडवी पडून टीव्ही मेल्याची उदाहरणं प्रत्येक मेकॅनिककडे असतात, तेव्हा मी काही बोललो नाही.

केबलला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवले. कुठली बाजू वर, घडी कुठे, चिकटपट्टी कशी. कनेक्टरचं कुलूप दोन प्रकारचं असतं. वायरींच्या जुडीच्या कनेक्टरला दोन्ही कडांना बारीक कान असतात, ते दाबून तो सरळ ओढायचा. चपट्या रिबनीला काळी किंवा पांढरी पट्टी असते, ती नखाने उचलायची किंवा किंचित पुढे सरकवायची, मग रिबन आपोआप सैल होते. कुलूप न उघडता ओढणाऱ्याचे हात कनेक्टरच उपटून काढतात, आणि मग खरोखर टीव्ही जातो.

पहिल्याच दिवशी केबल बदलायची घाई करू नये. ती काढून स्पर्शपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, मऊ पांढऱ्या खोडरबराने अलगद घासल्या, रबराचा चुरा ब्रशने झटकला आणि तशीच परत बसवली. एवढ्यावरही बऱ्याचदा भागतं. आमचंही भागलं, दोन दिवस. गौरी जेवायच्या दिवशी चेहरे पुन्हा हिरवे झाले. केबल हलवून बघितली तर रेघा येत-जात होत्या. म्हणजे सांधाच नाही, स्पर्शपट्टीही झिजली होती. आता मात्र नवी हवी.

इथे लोक फसतात ते 'चाळीस इंचाची एलव्हीडीएस द्या' असं म्हणून. कंपन्या एकाच मॉडेलच्या टीव्हीत वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं बसवतात, आणि केबल जुळते ती टीव्हीशी नाही, पॅनेल आणि मदरबोर्ड या जोडप्याशी. काढलेल्या केबलवर छापलेला क्रमांक, पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा क्रमांक, पिनांची संख्या आणि लांबी, हे सगळं लागतं. रिबन असेल तर आणखी एक. दोन टोकांच्या स्पर्शपट्ट्या एकाच बाजूला आहेत की उलट बाजूंना, हे बघून ठेवायचं. लांब केबल घेऊन ती गुंडाळून ठेवू असं मनात आणू नये. जिथे बिट फूटभर लांबीचा असतो तिथे जास्तीची वायर फुकट पडत नाही, ती चित्रात दिसते.

फोटो घेऊन मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जुनं नाव सोडलेलं नाही. पुण्यातल्यांना बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. तिसऱ्या दुकानात जुळणारी केबल मिळाली, पावणेदोनशे रुपयांत. पॅनेलच्या भावाशी तुलना करत बसलो नाही, कारण मग राग आला असता.

बसवताना जी एक चूक होऊ द्यायची नाही, ती म्हणजे तिरकेपणा. याच कनेक्टरच्या एका टोकाकडून मदरबोर्ड टी-कॉनला जेवायला बारा व्होल्ट देतो. केबल एक-दोन पिना सरकून किंवा उलटी बसली, तर हे बारा व्होल्ट ३५० मिलिव्होल्टवाल्या जोड्यांमध्ये घुसतात. नशीब चांगलं असेल तर टी-कॉनवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडतो. नसेल तर टी-कॉन जातो, कधी मदरबोर्डही. म्हणून पहिल्या पिनेची खूण बघायची, कनेक्टर दोन्ही अंगठ्यांनी सारख्या दाबाने आत सरकवायचा, आणि रिबन असेल तर तिच्यावरची रेघ कनेक्टरच्या ओठाला समांतर आहे का ते भिंगातून बघायचं. भिंगात कमीपणा नाही, चाळिशीनंतर तर मुळीच नाही. केबलची घडी इस्त्री केल्यासारखी करकरीत दाबायची नाही, आतलं तांबं तिथे तुटतं. जुनी चंदेरी पट्टी होती तिथेच परत चिकटवायची. ती शोभेसाठी नसते, केबलच्या वेष्टनाला ती पत्र्याशी जोडते. मग झाकण लावून, निदान चार स्क्रू आवळून, तेव्हाच प्लग. उघडा टीव्ही चालू करून आत बोट दाखवणं हे ज्याचा तो धंदा आहे त्याने करावं.

फोर-के टीव्हीत हे सगळं आणखी आवळलेलं असतं. ठिपके चौपट. तिथे एलव्हीडीएसच्या जागी जपानच्या थाइन कंपनीची 'व्ही-बाय-वन' पद्धत असते, आठ जोड्या, प्रत्येकीवर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट. फुल एचडीची सगळी केबल जेवढं वाहते तेवढं इथे एकेक जोडी वाहते. काही नव्या टीव्हींत टी-कॉन वेगळा नसतोच, तो मदरबोर्डावर उतरलेला असतो आणि तिथून थेट दोन रिबनी पॅनेलला जातात. त्या रिबनींवर पॅनेल चालवणारी पंचवीस-तीस व्होल्टांपर्यंतची व्होल्टेजही असतात, तेव्हा तिथे तिरकी बसलेली रिबन थेट काचेचाच बळी घेऊ शकते. अशा टीव्हीत घरगुती प्रयोग मी तरी करणार नाही. याच रिबनींच्या काही पिनांवर सेलोटेप लावून आजारी पॅनेल जगवण्याचा जुगाड आपल्याकडचे मेकॅनिक सर्रास करतात. काही पॅनेलांना दोन्ही बाजूंनी संदेश मिळतो, त्यातली बिघडलेली बाजू टेपने तोडली की दुसरी बाजू सगळा भार उचलते. कारागिरीला दाद द्यावी अशी ही युक्ती आहे. पण तिची हमी कुणी मागू नये. ती किती दिवस टिकेल हे टेप लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मेकॅनिकवर सगळं खापर फोडणंही बरं नाही. सर्किटचे नकाशे कंपन्या बाहेर देत नाहीत, सुटे भाग नीट नावानिशी मिळत नाहीत, आणि तीनशे रुपयांत कुणी दोन तास बसून पंधरा स्क्रू काढत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून. कल्पना चांगली आहे. आत्याच्या केबलचा क्रमांक मात्र मला केबलवरच वाचावा लागला.

तेव्हा तुमच्या घरी असं काही झालं तर 'पॅनेल गेलं' ऐकून लगेच दुकानाची वाट धरू नका. आधी टीव्हीचा मेनू उघडा, पडद्याजवळ जाऊन एक फोटो काढा, दोष सगळीकडे आहे की एका जागी हे बघा, आणि मेकॅनिक दारात आला की त्याला विचारा, "एलव्हीडीएस काढून, पुसून बघितलीत का?" नसेल बघितली, तर झाकण उघडून बघायला सांगा. त्याचे शंभर रुपये जास्त द्या.